सोपान होवाळचा गामा

कुंडल हे पैलवानांचं गाव. तिथं माणसाची किंमत मानेच्या जाडीवर ठरते, आणि या हिशेबानं सोपान होवाळ हा माणूस मोजदादीत धरायचाच नाही असं गावानं फार पूर्वी ठरवलं होतं. अंगावर भिजलेली कापडं आणि खिशात दोन लोखंडी पाने घेऊन तो वजनकाट्यावर उभा राहिला असता, तरी काटा पन्नाशीला टेकला नसता. तरीही या माणसाला गावानं 'गामा' हे नाव दिलं. थट्टेनं दिलं आणि पुढं ते काढून घ्यायचं विसरून गेलं.

सोपान बौद्धवाड्यातला. साठ साली तो फौजेत भरती व्हायला गेला तेव्हा डॉक्टरनं टेप लावून छाती मोजली आणि मान हलवली. "फुगव," डॉक्टर म्हणाला. सोपाननं छाती फुगवली आणि सोडलीच नाही. चेहरा निळा पडायला लागला तेव्हा डॉक्टर घाबरला आणि त्यानं कागदावर सही केली. इतका वेळ श्वास धरणाऱ्या माणसाला बंदुकीपेक्षा वायरलेस बरा, असं कुणा साहेबाला वाटलं असावं. त्याला सिग्नलमध्ये घातलं. पंधरा वर्षं कानाला हेडफोन लावून काढल्यावर पंचाहत्तर साली नाईक सोपान होवाळ पेन्शनीवर गावी परतला आणि एसटी स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकून बसला.

कारागीर उत्तम, पण त्याची एक खोड होती. रेडिओ दुरुस्त झाला तरी तो लगेच परत देत नसे. "एक दिस ऐकून बगतो," म्हणायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, काम चोख करतोय. खरी गोष्ट अशी, की त्या एका दिवसात तो परदेशी स्टेशनं ऐकून घ्यायचा. फौजेत इंग्रजी कानावर पडलं होतं, त्यातलं निम्मं कळायचं, उरलेलं तो अंदाजानं जुळवायचा. त्यातही विज्ञानाचे कार्यक्रम लागले की त्याचा हात थांबायचा, कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या कागदांची एक वही होती ती उघडायची, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला तो बोटानं 'गप' अशी खूण करायचा.

घरी शालूबाई होती. ती सातारच्या बाजूची, रहिमतपूरची. तिच्या जिभेला धार होती पण डंख नव्हता. नवऱ्याच्या या नादाला तिनं पहिल्याच वर्षी नाव पाडलं होतं: 'भाईरच्या बायकांचं ऐकणं'. कारण त्या परदेशी स्टेशनांवर बऱ्याचदा बाईच बोलायची.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी तो घरी आला तो चप्पल काढायचं विसरून थेट चुलीपर्यंत गेला.

"आगं, सापडला," तो म्हणाला.

"कोन? ह्यो मागच्या हप्त्यात हरवल्याला पाना?"

"क्वेसार! म्हंजी क्वेसार आदीच ठावा हुता, पर त्येच्यातनं गॅमा किरन येत्यात ही आता कळलं. युरोपच्या लोकांनी एक दुर्बीन आभाळात सोडलीया, तीन वर्सं झाली. तिनं टिपलं. दोनशे कोटी वर्सांमागं निगाल्याला उजेड, आगं!"

शालूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "दोनशे कोटी वर्सं चालत आला आनि त्येला पाय धुवायला पानी दिलं का न्हाई कुनी?" मग नवऱ्याच्या पायाकडं बघून म्हणाली, "तुमी तरी पायताण काढा."

सोपान ओशाळून बाहेर गेला. पण जेवताना तिनंच पुन्हा विषय काढला. "तर त्यो काय, तारा हाय?" आणि सोपाननं सांगायला सुरुवात केली: ताऱ्यासारखा दिसतो पण तारा नाही, लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटातली भट्टी आहे, कशावर पेटलीय यावर शिकलेल्या लोकांचंही अजून एकमत नाही. आमटी गार झाली. शालूबाईनं ती दोनदा गरम केली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "आता भट्टीवरच ठिवा."

सहा-सात आठवडे गेले. गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दरवर्षी जानेवारीत असे. वाचनालयाचे कार्यवाह लालासाहेब हे निवृत्त मास्तर, स्वच्छ धोतराचे आणि त्याहून स्वच्छ मनाचे. गावाला नवं काहीतरी कळावं म्हणून ते धडपडायचे, आणि गाव त्यांचा मान राखून व्याख्यानाला येत नसे. गेल्या वर्षी मधमाश्यांवरच्या भाषणाला अकरा माणसं होती, त्यातली दोन वक्त्याबरोबर आलेली. या वर्षी लालासाहेबांनी सांगलीच्या एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक माईणकर यांना गाठलं. विषय ठरला: 'अंतराळातील दुर्बीण आणि दूरच्या क्वेसारचे गॅमा किरण'. सोपानला हे कळलं तेव्हा त्यानं लाउडस्पीकर फुकट लावून देतो म्हणून स्वतः होऊन सांगितलं.

दवंडीचं काम बाळासोकडं होतं. बाळासो ग्रामपंचायतीचा शिपाई. गळ्यात ढोलकी, आवाज खणखणीत, वाचनाशी मात्र जेमतेम ओळख. लालासाहेबांनी दिलेल्या कागदावरचा 'क्वेसार' त्याला कुठून धरावा ते कळेना, म्हणून त्यानं तो गाळला. 'अंतराळातील' लांबलचक होतं, तेही गाळलं. 'गॅमा'चा गामा केला, बाकीचं आपल्या मनानं जुळवलं आणि गावभर मनापासून ओरडून सांगितलं:

"ऐका हो ऐका! सनवारी सांच्या पारी, वाचनालयाच्या म्होरं, सांगलीचं प्रोफेसर येनार हायती! गामा कसा सापडला त्येचं भाषान हाय होऽऽ!"

कुंडलात गामा म्हटल्यावर दुसरा अर्थ कोण लावणार? ज्या पैलवानाला उभ्या आयुष्यात कुणी चीत केलं नाही म्हणतात, त्याचं नाव तालमीत देवाच्या खालोखाल. शनिवारी दुपारी चारपासून माणसं जमायला लागली. गावचीच नव्हे, तर पलूस, रामानंदनगर, बांबवड्याकडूनही पैलवान आले. फेटे बांधलेले म्हातारे वस्ताद पुढं सतरंजीवर बसले, त्यांच्यामागं तरणी मंडळी मांडीला मांडी लावून. लालासाहेबांनी मधमाश्यांच्या हिशेबानं पंधरा माणसांचा चहा सांगितला होता. ते गर्दीकडं बघून भारावून गेले. "सोपाना," ते म्हणाले, "गाव जागं झालं रे!"

सोपान खांबावर भोंगा बांधत होता. वरून त्याला सगळ्या माना दिसत होत्या, आणि एवढ्या जाड माना विज्ञानासाठी कशा जमल्या याचं त्याला कोडं पडलं होतं. खाली उतरल्यावर एका पैलवानानं त्याला विचारलं, "त्ये प्रोफेसर गामाचा कंचा डाव सांगनार हायती?" तेव्हा त्याला दवंडीतला घोळ उमगला.

त्यानं लालासाहेबांच्या कानात सांगितलं. लालासाहेब मटकन खुर्चीत बसले.

पाचची बस येऊन गेली. प्राध्यापक आले नाहीत. साडेपाच झाले. दिवस कलायला लागला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. पुढच्या रांगेत अर्जुना वस्ताद बसले होते. वय सत्तरीचं, कान फुटून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले, आणि गावात त्यांच्या शब्दापुढं कुणी बोलत नसे. त्यांनी काठी आपटली. "मास्तर, काय हाय ती सुरू करा. न्हाईतर न्हाई म्हनून सांगा. मानसं लांबनं आल्याती."

लालासाहेब उठले, माइकपाशी गेले, आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाची ही अवस्था सोपानला बघवली नाही. तो भोंग्याची वायर तपासायचं निमित्त करून माइकपाशी गेला. तपासून झाल्यावर परत फिरायच्या ऐवजी तो तिथंच उभा राहिला. का राहिला ते त्याचं त्यालाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

"मंडळी," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज भोंग्यातून ऐकून दचकला. "बाळासोची जरा चूक झालीया. ह्यो गामा पैलवान न्हवं. ह्यो गॅमा. किरन हाय."

मग मागून आवाज आला, "कुनाची पोरगी?"

अख्खा घोळका हसला. भोंगा बांधलेला खांबसुद्धा हलल्यासारखा वाटला. सोपानही हसला, आणि हसल्यामुळं त्याची भीती थोडी सैल झाली.

"पोरगी न्हाई गड्या. उजेडाचा किरन. पर डोळ्याला दिसत न्हाई असा. आनि अंगात रग म्हनशील तर तुज्या-माज्या उजेडाच्या कोट्यवधी पट. म्हनून त्येला गामा म्हटलं तर मला न्हाई वाटत पैलवानाचा अपमान हुईल."

अर्जुना वस्तादांनी काठी आडवी मांडीवर घेतली. "बोल," ते म्हणाले. "आलोच हाय तर ऐकतो."

मग सोपान बोलला. त्यानं सांगितलं की हा किरण जमिनीवर पोचत नाही, वरची हवाच त्याला अडवते, आणि अडवते म्हणूनच आपण धडधाकट आहोत. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागली. तिला भिंग नाही, आरसा नाही, कारण हा गडी भिंगाला जुमानत नाही, सरळ पार निघून जातो.

"मग धरत्यात कसा?" एक पैलवान.

"धरत न्हाईत. त्येला फुटू देत्यात. डब्यात पत्र्यांच्या चवडी लावल्याल्या असत्यात. त्येच्यावर किरन आदळला की त्येचं दोन कन हुत्यात, जुळ्या भावांगत. त्ये दोगं जिथनं जिथनं जात्यात तिथं तिथं बारीक ठिनगी पडती. ठिनग्यांची वाट बघायची, दोन वाटा जिथनं फुटल्या तिथं बोट ठिवायचं, आनि उलटं बघायचं, म्हंजी किरन कुठल्या अंगानं आला ती कळतं."

"आनि दुसरंच कायतरी आत शिरलं तर?"

"लाखानं शिरत्यात. आभाळात विजेचा भार घेऊन हिंडनारं कन रग्गड. म्हनून डब्यावर एक टोपन घातलंया. भारवालं कुनी शिरलं की टोपन चमकतं, आतल्या यंत्राला इशारा जातो की ह्यो आपला न्हवं, ह्येला मोजू नगा. गॅमा मातुर बिनभाराचा. त्यो टोपनाला कळू न देता आत येतो."

सोपान आता रंगात आला होता. त्यानं क्वेसार सांगितला, कन्या राशीच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाला, एवढ्या लांबनं येणारे किरण दिवसाला हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच सापडतात, आणि त्यासाठी ती दुर्बीण महिना-महिना एकाच दिशेला तोंड करून बसते.

"महिनाभर? आनि बोटावर मोजन्याइतकं?" कुणीतरी म्हणालं. "ह्यो काय धंदा झाला व्हय!"

यावर सोपान थोडा थांबला. "मी एक सांगू का?" तो म्हणाला. "एकाहत्तरच्या लढाईत मी काश्मीरकडं एका चौकीवर हुतो. वायरलेसवर. आमची एक तुकडी फुडं गेल्याली. सतरा मानसं. नऊ दिस कानाला हेडफोन लावून बसलो. नुसती खरखर. त्या खरखरीत शंभरदा वाटायचं की बोललं कुनीतरी, आनि कुनी न्हाई. धाव्या दिवशी चारच शब्द आले. 'सतरा हाजीर. रसद पाठवा.' आता तुमी म्हना, त्यो धंदा हुता का न्हवता?"

पंधरा माणसांचा चहा कधीच संपला होता, आणि तरी कुणी उठलं नव्हतं.

अर्जुना वस्ताद मात्र विचारात पडले होते. त्यांनी काठी उचलून सोपानकडं रोखली. "सोपाना, येक सांग. रोज दोन-चार येत्यात म्हंतोस. त्ये त्या क्वेसाराच्याच घरचं हायती कशावरनं? आभाळात त्येच्या शेजारी-पाजारी दुसरं कुनी राहात नसंल? येकाच्या नावावर दुसऱ्याचंच पोर खपवलं नसंल कशावरनं?"

सोपाननं खिशातली वही चाळली. वहीत हे नव्हतं. "न्हाई ठावं, वस्ताद," तो म्हणाला.

पुन्हा हशा उसळला आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवसापासून सोपानला रस्त्यानं चालणं अवघड झालं. दूध घालायला निघालेला माणूस सायकलवरनं विचारायचा, "सोपाना, आज किती आलं रं?" टपरीसमोर उतरणारा प्रत्येक जण टपरीच्या छपरावर हात ठेवून म्हणायचा, "टोपन घातलंय न्हवं?" आणि दंडावर बेटकुळी काढून दाखवत तरणी पोरं त्याला 'गामा' म्हणायला लागली. सोपान हसून सोडून द्यायचा. पण वस्तादांचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. रेडिओ उघडून बसायचा आणि हातातला पाना तसाच राहायचा.

"जावा की मग सांगलीला," चौथ्या दिवशी शालूबाई म्हणाली. "त्या प्रोफेसरालाच इचारा. हितं बसून तुमी कुनाच्या तरी रेडिवोत उलटी वायर जोडशीला."

सोपान धुतलेला सदरा घालून सांगलीच्या बसनं गेला. माईणकर सरांचं घर शोधून काढलं. सर चाळिशीतले, चष्म्याचे, किडकिडीत. अंगकाठी पाहून सोपानला आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. 'कुंडलहून आलोय' म्हटल्याबरोबर सरांचा चेहरा उतरला.

"बसा, होवाळ," ते म्हणाले. "बाहेर आणखी कुणी आहे का तुमच्याबरोबर?"

"न्हाई सर. एकलाच."

"खरंच?" सरांनी खिडकीतून खाली बघून घेतलं. मग पाणी प्याले, आणि सोपाननं काही विचारायच्या आत स्वतःच सगळं सांगून मोकळे झाले. ते त्या शनिवारी कुंडलला आले होते. पाचच्या बसनं स्टँडवर उतरले. पाहतात तो रस्त्यावर पैलवानांची जत्रा. एकाला विचारलं, काय आहे? तो म्हणाला, सांगलीचा प्रोफेसर गामाचे डाव सांगणार आहे. सरांनी विचारलं, आणि नाही सांगता आले तर? त्यावर तो गडी हसून म्हणाला, 'न्हाई सांगून जातोय कुटं!' सर त्याच बसमध्ये परत चढले.

"लाज वाटते हो मला," सर म्हणाले. "पण त्याची मान माझ्या कमरेएवढी होती."

सोपान गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. हसू दाबता दाबता त्याचे डोळे पाणावले. "काय हरकत न्हाई सर," तो म्हणाला. "मी सांगतो, बस पंक्चर झालती म्हनून."

मग त्यानं वस्तादांचा प्रश्न मांडला. माईणकर सर ताठ बसले. "कुणी विचारलं हे?"

"अर्जुना वस्ताद. तालीम चालवत्यात."

"शिक्षण?"

"चौथी. पर कुस्तीचं पंच म्हनून चार जिल्ह्यात जात्यात."

सर उठले आणि नुकत्याच बोटीनं आलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचा एक अंक घेऊन आले. त्यात त्या शोधाचा मूळ लेख होता. दोघांनी तो टेबलावर पसरला आणि सर एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. दुर्बिणीला दिशा नेमकी सांगता येत नाही, असं लिहिणाऱ्यांनीच कबूल केलं होतं. पौर्णिमेचे पाच-सहा चंद्र ओळीनं मांडले तर जेवढे रुंद होतील, तेवढ्या वर्तुळात कुठून तरी किरण आले एवढंच नक्की. त्या वर्तुळात हा क्वेसार आहे. त्याच्याइतकं संशय घ्यावं असं दुसरं काही तिथं माहीत नाही, आणि योगायोगानं असं जुळून येण्याची शक्यता फार कमी. म्हणून त्याचं नाव घेतलं.

"म्हंजी वस्तादांची शंका..." सोपान म्हणाला.

"अगदी मुद्द्याची आहे. मी तुमच्या गावात ही गोष्ट भाषणात गाळणारच होतो. म्हटलं, कुणाला कळणार आहे!" सर चष्मा पुसत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला त्यांना भेटायचंय. याल का मला घेऊन? म्हणजे... बरोबर राहाल ना?"

सोपान गावी परतला आणि बस पंक्चर झाल्याची हकिगत त्यानं ठिकठिकाणी, न विचारता, तपशीलवार सांगितली. ऐकणारे माना डोलवत होते. "मागलं चाक का फुडलं?" कुणी विचारायचं. सोपान 'मागलं' म्हणायचा. संध्याकाळी शालूबाईनंही तेच विचारलं तेव्हा त्याला संशय आला.

"तुला काय ठावं हाय?"

"मला काय ठावं असनार?" ती म्हणाली. "स्टँडवर शेंगा इकनाऱ्या म्हातारीनं त्या दिवशी चष्मेवाल्या पिशवीवाल्या एका मानसाला बसमदनं उतरताना बगितलं. आनि उतरला त्याहून बेगीनं चढताना बगितलं. तवापास्नं समद्या गावाला ठावं हाय. तुमी येवडं मनापास्नं खोटं बोलताय म्हनून कोन बोललं न्हाई."

पुढच्या रविवारी सकाळी माईणकर सर आले. स्टँडवर सोपान उभा होताच. शंभर पावलांच्या रस्त्यात नऊ माणसांनी हात जोडून, चेहरा सरळ ठेवून विचारलं, "पंक्चर निघाली का सर?" पहिल्या दोघांना सरांनी 'हो' म्हटलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांना उमगलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. नवव्याला मात्र म्हणाले, "निघाली. पण आता स्टेपनी बरोबर ठेवतो," आणि सोपानच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा गाव खूश झालं.

अर्जुना वस्तादांनी निरोप दिला होता, तालमीतच या. तालमीच्या दारात सोपान थबकला. या पायऱ्या तो आजवर कधी चढला नव्हता. त्याला कुणी अडवलं असतं असं नाही, पण कुणी ये म्हणूनही म्हटलं नव्हतं, आणि बौद्धवाड्यातल्या माणसाला या दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही. सर आत गेले. सोपान चपला सांभाळल्यासारखं करत बाहेर उभा राहिला.

आतून वस्तादांचा आवाज आला. "आनि गामा कुटं हाय? त्येच्याबिगार हे सर काय बोलत्यात त्ये मला कोन सांगनार? ये की रं आत!"

सोपान आत गेला. आखाड्याच्या लाल मातीला तेलाचा आणि ताकाचा वास होता. वस्तादांनी आपल्या शेजारची जागा हातानं झटकून दाखवली. तो बसला, आणि मग सर बोलत गेले, अडलं की सोपान सांगत गेला. सहा चंद्रांची ओळ सांगताना सरांनी काठीनं मातीत वर्तुळ काढलं आणि त्यात क्वेसारच्या नावानं एक खडा ठेवला.

वस्तादांनी त्या खड्याभोवती काठीचं टोक फिरवलं.

"म्हंजी असं," ते अखेर म्हणाले. "पंचांनी ह्येचा हात वर केलाय. पर पाठ लागल्याली कुनी डोळ्यांनी बगितल्याली न्हाई. कुस्ती निकाली न्हाई. गुनावर दिलीया."

माईणकर सर खळखळून हसले. "वस्ताद, हे वाक्य मी वर्गात सांगू का?"

"सांगा की. पर माजं नाव घालून सांगा," वस्ताद म्हणाले, आणि दूध मागवलं. तांब्या आधी सरांकडं गेला, मग सोपानकडं, मग वस्तादांनी तोच तांब्या आपल्या तोंडाला लावला. सोपान आखाड्यातल्या खड्याकडं बघत राहिला.

ही गोष्ट कृष्णाकाठानं वर सरकली. पलूसच्या तालमीनं सोपानला बोलावलं, मग कराडच्या बाजूच्या दोन गावांनी. विज्ञान ऐकायचं म्हणून थोडे यायचे, 'गामा' नावाचा माणूस केवढा आहे ते बघायला जास्त, आणि केवढा आहे ते बघून झाल्यावर ते हसायचे आणि बसायचे. प्रश्न विचारले जायचे. येत नसलेले प्रश्न सोपान वहीत उतरून घ्यायचा, सांगलीला कार्ड टाकायचा, आणि सरांचं उत्तर आलं की त्या गावी पुन्हा जाऊन सांगून यायचा. टपरीवर रेडिओंचा ढीग साचला. गिऱ्हाईकं कुरकुरायची, पण दुसरीकडं जायची नाहीत.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात रहिमतपूरहून बोलावणं आलं. सासुरवाडीचं गाव. सोपाननं लग्नातला कोट काढला. तो अजून बसत होता, कारण माणूस वाढलाच नव्हता. शालूबाई पहिल्यांदाच नवऱ्याचं भाषण ऐकायला निघाली. तोवर तिनं ते घरी तुकड्या-तुकड्यानं, भाकऱ्या थापता थापता इतक्यांदा ऐकलं होतं की तिला पाठ होतं. बसमध्ये तो एक मुद्दा विसरला तो तिनंच सांगितला.

सभा देवळामागच्या पटांगणात, उन्हं उतरल्यावर होती. बायका एका बाजूला बसल्या होत्या. शालूबाई आपल्या आईला, बयाबाईला, धरून मध्ये बसली. सोपान बोलला, बरा बोलला. लोकांनी चार-पाच प्रश्न विचारले. "आनि कुनाला इचारायचंय?" म्हटल्यावर बायकांतून हात वर आला. सोपाननं बघितलं आणि माइक हातात घट्ट धरला. हात शालूबाईचा होता.

ती उभी राहिली. पदर नीट केला. "त्यो क्वेसार," ती म्हणाली, "दोनशे कोटी वर्सांमागं किरन धाडून मोकळा झाला. आज हितं किरन आला. पर धाडनारा आज हाय का? का कवाच इझून गेला आनि त्येचं पत्र तेवडं आता पोचलं?"

पटांगणात कुजबुज झाली. सोपानला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. "आगं, ह्यो घरी इचारायचास की," तो माइकमध्येच म्हणून गेला.

"घरी मला कवा बोलू देता?"

लोक हसले. बयाबाई लेकीला खाली ओढायला लागली, पण लेक बसेना. सोपाननं वही काढली, पेन्सिल काढली आणि भर सभेत तिचा प्रश्न उतरून घेतला. मग म्हणाला, "त्यो आज हाय का न्हाई, ही हितनं कळायला आनकी दोनशे कोटी वर्सं लागतील. त्येच्या आदी कुनालाच सांगता यायचं न्हाई. मला बी न्हाई, सांगलीच्या सरांना बी न्हाई."

"बरं," शालूबाई म्हणाली. "मग बसते."

आणि ती बसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी होती. कराड आलं. मग तिनं त्याच्या खिशातली वही काढून घेतली, आपला प्रश्न त्यात नीट लिहिलाय का ते अक्षर लावून लावून वाचलं, आणि खाली नाव घातलेलं नाही म्हणून त्याच्याकडून तिथल्या तिथं घालून घेतलं.